कॅमेऱ्याचा डबा

कॅमेरा माझ्या हातात देताना माझा धाकटा भाऊ माझ्याकडं बघतच नव्हता, कॅमेऱ्याकडं बघत होता. मंगळवेढ्याहून एस्टीनं आला होता, एका हातात ज्वारीची पिशवी आणि दुसऱ्या हातात हा, मुठीत मावेल एवढा काळा ठोकळा. हेल्मेटला लावून मोटारसायकलवरनं सगळं कोकण फिरून आला होता तो, आणि त्या कोकणाचे व्हिडिओ आम्हाला जेवताना, चहा पिताना, भांडी घासतानाही बघावे लागले होते.

"आक्का, लई जपून बरं का. येक थेंब पानी न्हाय लागलं पायजे."

"अरे बाबा, पाण्यातच न्यायचाय की तो."

"त्येच सांगतोय मी. डबा घे त्याला चांगला. डब्याबिगर पान्यात घातलास तर तुजं माजं तुटलं म्हून समज."

डबा म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची पेटी. कॅमेरा आत ठेवायचा, झाकण दाबायचं, खिट्टी लावायची. मग पाण्यात बुडवला तरी आतला कॅमेरा कोरडा राहतो. नवे कॅमेरे म्हणे नुसतेच पाण्यात चालतात. भावाचा जुना, त्यात एकदा पडून कड उडालेला. त्याला डबा पाहिजेच होता, आणि तो शोधायचं काम माझ्यावर आलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

हे सगळं कशासाठी, तर माझी पोरगी वाकडी पोहत होती म्हणून.

चौदा वर्षांची आहे ती. रोज पहाटे टँकवर जाते. वेग चांगला, दम चांगला, पण दोऱ्यांनी आखलेल्या आपल्या पट्ट्याच्या मधोमध सुटली की अर्ध्यावर जाईपर्यंत डावीकडं सरकायची, आणि हात दोरीला आपटायचा. तिथंच वेळ जायचा. पुण्याच्या क्रीडा वसतिगृहासाठी निवड चाचणी आमच्याच टँकवर होणार होती. तिच्या पोहण्याच्या सरांनी तोंडावर सांगितलं होतं, "ताई, हिच्यात आहे. पण सरळ पोहली तरच होईल. नाहीतर मी सांगून काही उपयोग नाही." पोरीनं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून जेवताना बोलायची बंद झाली. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की ते बोलूनसुद्धा दाखवत नव्हती.

वाकडेपणाचं कारण प्रत्येकाला ठाऊक होतं, फक्त एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागलीय, मीठ-मोहऱ्या उतरा. डॉक्टर म्हणाले खांदा ठीक आहे. भाऊ म्हणाला, "हिरीत शिकलीया न्हवं? हिरीत गोलच पवायचं आस्तंय की!" सर काठानं तिच्याबरोबर चालत चालत बघायचे आणि डोकं खाजवायचे. वरनं सगळं बरोबर दिसायचं. शेवटी ते म्हणाले, पाण्याखालनं बघितल्याशिवाय कळायचं नाही.

आणि मी? मी दमले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं चिडचिड ऐकू आली तर दचकायला नको. नवरा साखर कारखान्यात, हंगामात आठवड्यातनं एकदा घरी. सासूबाईंचं कंबरेचं दुखणं, रात्रीतनं तीनदा-चारदा उठवतात, बिचाऱ्या त्यांनाही हौस नाही. नळाला पाणी काही दिवसांआड, आणि येईल ते कधीही येईल. दिवसा शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात तपासणीला असते मी. उभं राहून काजं, बटणं, शिवण बघायची. आणि पहाटे पोरीला घेऊन टँकवर. तिथं काठाला डाव्या अंगाला सिमेंटचा एक बाक आहे. त्यावर बसायचं आणि ती बाहेर येईपर्यंत वाट बघायची. बाई गं, त्या बाकावर बसलं की माझं अंग कसं पोत्यासारखं पडायचं.

कामावरनं सुटल्यावर आमच्या इथल्या नवी पेठेत गेले. मोबाइलच्या दुकानांची रांग आहे तिथं. पहिल्या दुकानात गळ्यात अडकवायची प्लॅस्टिकची पिशवी दाखवली. ती बाहेरनंच धुरकट होती, आतनं काय दिसणार, कप्पाळ! दुसऱ्या दुकानात म्हणाले, कंपनीचा अस्सल डबा मागवावा लागेल. कधी येईल? तर चाचणी होऊन गेल्यावर. तिसऱ्या दुकानात दाढी पिकलेला एक चाचा होता. त्यानं एक खोकं काढून काउंटरवर आपटलं.

"ये लेव आपा. साठ मीटर तक कुछ नै होता!"

"साठ मीटर? आमच्याकडं बोअरला साठ मीटरवर पाणी लागलं तर लोक पेढे वाटतात. आमचा टँक दीड पुरुष खोल आहे, चाचा."

"तो फिर अच्छाच है ना!" म्हणाला आणि हसला. माझ्या अंगात हसायचं त्राण नव्हतं.

मी डबा उघडला. साठ मीटर का सहाशे मीटर, ते खोक्यावर छापायला काय जातंय? मी बघितली ती रबराची रिंग. झाकणाला आतनं बारीक रिंग असते, कुकरला असते तशी. सगळं त्या रिंगेवर असतं. वीस वर्षं कुकर वापरणाऱ्या बाईला हे खोक्यावर वाचावं लागत नाही. या डब्याची रिंग एका बाजूला चपटी झाली होती, बरेच दिवस झाकण दाबून ठेवल्यासारखी. मी दुसरा डबा मागितला. त्याची रिंग गोल होती, नखानं दाबली की परत वर येत होती, पण कॅमेरा आत ठेवला तर बटणं जुळेनात. डब्यावरचं बटण दाबलं की आत भलतीकडंच टोचायचं. तिसऱ्याची काच चरे पडलेली. चौथा काढायला चाचा स्टुलावर चढला आणि वरनं मला म्हणाला, "आपा, शादी के वास्ते लडका भी इतना नै देखते लोगां!"

"मुलगा गळका निघाला तर निभावून नेता येतं, चाचा. कॅमेरा भावाचा आहे."

चौथ्याची रिंग बरी, बटणं जुळली, काच स्वच्छ, खिट्टी 'खट्' करून बसली. घेतला.

डब्याच्या बाबतीत मी इतकी किरकिर का करते, त्याला कारण आहे. माझ्या माहेरी पोरांना पोहायला शिकवतात ते पाठीला रिकामा, तोंड पक्कं बंद केलेला पत्र्याचा डबा बांधून. डबा तरंगतो, पोर तरंगतं. मी सात-आठ वर्षांची असताना माझा डबा झाळून जोडलेल्या जागी गळत होता. फेरी मारता मारता तो जड झाला आणि मला खाली घेऊन गेला. काठावर बसलेल्या चुलत्यानं उडी टाकून वर काढलं. तेव्हापासनं बंद डब्यावर माझा विश्वास नाही.

आणि काठावरच्या माणसावर आहे. आमच्याकडं विहिरीच्या काठावर एक मोठं माणूस बसल्याशिवाय पोरांना पाण्यात सोडत नाहीत. त्या माणसाचं काम एकच, बघत राहायचं. पोराचंही एकच, दर फेरीला वर बघून काठावरचं माणूस जागेवर आहे का याची खात्री करायची. 'काठावरच्या माणसावरनं नजर काढायची न्हाय,' हे हात-पाय मारायच्या आधी शिकवतात. माझी मुलगीही उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच विहिरीत शिकली. काठावर मी होते.

घरी आल्यावर डब्याची परीक्षा घेतली. कॅमेरा न घालता आत नुसता वर्तमानपत्राचा तुकडा ठेवला, डबा तरंगू नये म्हणून त्याला वरवंटा बांधला आणि पिंपात सोडला.

"अगं, पिण्याच्या पाण्यात काय बुडवतीस?" सासूबाई आतनं ओरडल्या. कंबर दुखत असली तरी कान शाबूत आहेत. "नळ परवा येणार आहे आणि हिला खेळ सुचतायत!"

"खेळ नाही हो, तुमच्या नातीचं काम आहे."

"नातीला पिंपात पोहायला सांग मग."

भाजी चिरून झाल्यावर डबा वर काढला. कागदाचा एक कोपरा ओला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, खोटं कशाला सांगू? परत नवी पेठ, परत स्टूल, परत चाचा. खाली बसले आणि रिंग बोटावर काढून उजेडात धरली. तिच्यावर निळ्या सुताचा एक तुकडा चिकटला होता. पापणीच्या केसाएवढा. माझ्याच हातावरनं आलेला, कारखान्यातला, कुठल्या तरी शाळेच्या पँटचा. तेवढ्या सुतानं पाणी आत घेतलं होतं. रिंग धुतली, पुसली. तेल लावलं नाही, तेलानं रबर फुगतं. परत बुडवला. या वेळी कागद कोरडा निघाला. मी तो कोरडा कागद पोरीला नेऊन दाखवला. ती म्हणाली, "आई, झोप आता."

दुसऱ्या दिवशी सरांनी डबा प्लॅस्टिकच्या लांब नळीला चिकटपट्टीनं बांधला आणि नळी पाण्यात धरून काठानं चालले. भाऊ नव्हता तिथं म्हणून बरं, त्याला आकडी आली असती. मी जीव मुठीत धरून बघत होते. पाणी आत गेलं नाही. पण व्हिडिओ लावला तर काय? सगळं पांढरं! पहाटेचं गार पाणी, कॅमेरा चालून चालून गरम, आतनं वाफ धरली होती काचेला. धुक्यातनं एखादी म्हैस चालल्यासारखं काहीतरी काळं हलत होतं, ती माझी लेक.

मी बाकावर बसून हसायला लागले. हसू म्हणायचं की रडू, मलाच कळेना. सर म्हणाले, "ताई, उद्या बघू." उद्या! या उद्याचाच कंटाळा आला होता मला.

कारखान्यात गणवेशाच्या खोक्यांत ओल धरू नये म्हणून बारीक पांढऱ्या पुड्या टाकतात. त्यातली सगळ्यांत लहान एक मागून घेतली आणि कॅमेऱ्याच्या बाजूला, डब्याच्या फटीत सरकवली. आणि त्या दिवशी व्हिडिओ स्वच्छ आला. इतका स्वच्छ की तळाच्या फरश्यांच्या रेघा दिसत होत्या.

सरांनी तो आपल्या लॅपटॉपवर लावला. पोरगी ओले केस पिळत मागं उभी. या वेळी सरांनी नळी पट्ट्याच्या टोकाला धरली होती, त्यामुळं समोरनं येताना दिसत होती ती. हात बरोबर, पाय बरोबर. श्वास घ्यायला तोंड डावीकडं वळायचं, इथपर्यंत ठीक. पण श्वास घेऊन झाला तरी तोंड लगेच आत यायचं नाही. एक क्षण तिथंच राहायचं. मान राहिली की खांदा राहायचा, खांद्यामागनं कंबर, आणि सगळी पोरगी काकडीसारखी डावीकडं वाकायची. दर वेळी.

"डावीकडं काय बघतेस गं तू?" सर म्हणाले. "कोण आहे तिथं?"

तेवढ्यात व्हिडिओत नळी वर आली. कॅमेरा अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. बाहेरच्या अर्ध्यात काठ दिसला, बाक दिसला आणि बाकावर मी. मान मागं टाकलेली, तोंड उघडं, ओढणी जमिनीवर. गाढ झोपलेली बाई.

शी! इतकी लाज वाटली मला. सर खाकरले आणि दुसरीकडं बघू लागले. मी घाईघाईनं म्हणाले, "विहिरीची सवय आहे सर. काठावरचं माणूस बघत पोहायचं असतं आमच्याकडं. मीच शिकवलंय."

"ताई, ही विहीर नाही. इथं काठावर माणूस नसलं तरी चालतं," सर म्हणाले. "काढा ती सवय."

पोरगी केस पिळत बाहेर निघाली.

घरी आल्यावर डबा साध्या पाण्यात धुवायचा असतो, टँकच्या औषधाच्या पाण्यानं रिंग खराब होते. मी मोरीत बसून धूत होते. ती दारात उभी होती. मी म्हटलं, "अगं, काठावर मी असतेच की. सारखं कशाला बघायचं? मी काय पळून चाललेय?"

"तू आहेस का ते बघत नाही मी."

"मग?"

"तू झोपलीस का ते बघते."

मी वळून तिच्याकडं बघितलं.

"घरी तू झोपत नाहीस," ती म्हणाली. "आज्जी उठवते, नळ येतो, जेवणाचे डबे करायचे असतात. तिथंच झोपतेस तू. झोपलीस की मी अजून दोन-तीन राऊंड मारते. सर बास म्हणाले तरी मारते. बाहेर आले की तू उठणार ना."

आधी राग आला मला. खरं सांगते, रागच आला. "मेले, मी काय झोपेवाचून मरतेय? तुझी चाचणी तोंडावर आलीय आणि तू माझी झोप मोजत बसलीस?" असं काहीतरी ओरडले. सासूबाईंनी आतनं विचारलं काय झालं म्हणून. मग हातातला डबा तसाच राहिला आणि मी मोरीतच रडले. काठावरच्या माणसानं पोराला राखायचं असतं. इथं पोर पाण्यातनं काठावरच्या माणसाला राखत होतं आणि त्या पायी वाकडं होत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आम्ही पाण्याखाली शोधत होतो आणि कारण काठावर घोरत होतं.

सरांना मी सगळं सांगितलं नाही. फक्त म्हटलं, उद्यापासनं उजवीकडं बसते. बसले. तर पोरगी उजवीकडनं श्वास घ्यायला लागली आणि उजव्या दोरीला आपटायला लागली. सर चक्रावले. घरी राहून बघितलं, तिला मैत्रिणीच्या स्कूटरवर पाठवलं. तर त्या दिवशी तिनं मधेच बाहेर येऊन सरांचा फोन मागितला आणि मला विचारलं, "झोपलीयस का?" झोपले होते खरं तर. तिच्या फोननं उठले.

शेवटी मीच तिला समोर बसवलं. "हे बघ. मी बसले की झोपते, म्हणून मी बसणारच नाही. तुझ्या पट्ट्याच्या टोकाला उभी राहते, अगदी नाकासमोर. नळी मी धरते. मामाचा कॅमेरा हातात असताना मला झोप लागेल का? काय टाप आहे माझी! तेव्हा तू इकडं तिकडं बघायचं नाहीस."

"मग तू झोपणार कधी?"

"तू सरळ पोहलीस की."

चाचणीपर्यंत रोज पहाटे मी टँकच्या त्या टोकाला उभी राहिले. पाय सुजले. त्याच पायांवर पुढं दिवसभर काजं-बटणं. कंटाळा, कंटाळा म्हणजे किती! नळी धरून हात भरून यायचे, पण डोळे उघडे असायचे. रोज घरी येऊन व्हिडिओ बघायचा, रिंग पुसायची, पुडी बदलायची. पोरगी हळूहळू सरळ व्हायला लागली. मान वळायची, श्वास घ्यायची, परत आत. नको तो क्षण गळून गेला.

चाचणीच्या दिवशी पालकांना आत सोडलं नाही, जाळीबाहेर थांबायचं होतं. मी जाळीला धरून तिच्या पट्ट्याच्या टोकाला उभी राहिले. सुटायच्या आधी तिनं एकदा बघितलं माझ्याकडं. मी दोन्ही हातांनी डोळे ताणून मोठे करून दाखवले. बाजूची बाई माझ्याकडं बघायला लागली, बघू दे. पोरगी हसली, उडी मारली आणि पट्टीनं ओढलेल्या रेघेसारखी माझ्याकडं आली.

निवडीच्या यादीत तिचं नाव लागलं. भाऊ आला, कॅमेरा उलटासुलटा करून बघितला, कानाला लावून हलवला. "कोरडा हाय की!" म्हणाला. डबा मात्र त्यानं नेला नाही. "त्यो तुजा. मला कोकनात काय करायचाय डबा?"

पोरगी पुण्याला गेली. आता पहाटे कुठं जायचं नाही. झोपायला मोकळी मी. पण साडेचारला डोळे उघडतात ते उघडतात. सासूबाईसुद्धा त्या वेळेला गाढ असतात. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. पोहण्याचं, जेवणाचं नंतर, पहिला प्रश्न तोच, "झोपलीस का गं आई?" आणि मी म्हणते, "झोपले की. मस्त झोपले." इतकं रोज खोटं मी आयुष्यात कधी बोलले नाही.

परवा सरांची नळी परत द्यायला टँकवर गेले. पहाटेच गेले, जागीच होते. सर पोरांना पाण्यात उतरवत होते. म्हटलं, जरा थांबावं. त्या बाकावर टेकले. पोरं हात-पाय मारत होती, पाणी काठाला थपथप लागत होतं. समोर तिच्या पट्ट्यात दुसरीच कुणीतरी मुलगी होती, सरळ जात होती.

जाग आली तेव्हा ऊन अंगावर आलं होतं, टँक रिकामा होता आणि रखवालदार समोर उभा होता. "ताई, उठा. पोरं कवाच गेली की. तुमची कुटं हाय?"

संध्याकाळी फोन आला. तिनं विचारलं, "झोपलीस का गं आई?"

"झोपले," मी म्हणाले. "आज खरंच झोपले. त्याच बाकावर."